वास गेला, उतरा

आमच्या डुकरांच्या शेडखाली मैल्याचा खड्डा आहे. तो ढवळून उपसायचा असला की सासरे झाकणापाशी ओणवे होतात, लांब श्वास घेतात आणि सांगतात, "वास गेला. उतरा." त्यांचं नाक म्हणजे घरातलं कोर्ट, त्यापुढे अपील नाही.

त्या सकाळी ढवळताना पंप चोक झाला. सासऱ्यांनी वास घेतला, निकाल दिला आणि माझ्या नवऱ्याने मुकाट्याने शिडी उचलली. बापापुढे तोंड उघडायचं याला माहीतच नाही. माझं डोकं सणकलं. मी झाकण ओढून खड्ड्यावर बसवलं आणि त्यावर फतकल मारली.

"ऊठ सूनबाई," सासरे म्हणाले.

"उठणार नाही. पलीकडच्या फार्मवरचे दोघे भाऊ वास गेल्यावरच उतरले होते ना? एक पंप काढायला, दुसरा त्याला काढायला. दोघेही गेले. खड्ड्यातला गॅस आधी नाक बधिर करतो, मामंजी. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही. हवेचा सिलिंडर लावून उतरणारी माणसं बोलवा."

"त्यांना यायला दुपार होईल. शेड तुंबेल."

"तुंबू दे. विधवा होऊन शेड चकाचक ठेवायची मला हौस नाही."

नवरा शिडी धरून नुसता उभा. मला त्याचा इतका राग आला की रडू फुटेल असं वाटलं. "अरे, तुझ्यासाठीच बसलेय ना मी इथे," मी म्हणाले. "तू तरी काही बोल."

सासऱ्यांचाच पारा चढला. "मग मीच उतरतो," म्हणत त्यांनी त्याच्या हातातली शिडी हिसकावली, दुसऱ्या टोकाचं झाकण उघडून ती आत सोडली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी धावले, त्यांची कॉलर धरली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून मागे खेचलं. ते पाठीवर आपटले, शर्ट टर्रकन फाटला.

"सासऱ्यावर हात टाकलास," ते म्हणाले.

"टाकला. पुन्हा उतरायला गेलात तर पुन्हा टाकीन."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "बघतोस काय? आवर तिला."

नवऱ्याने शिडी वर ओढली. माझा जीव टांगणीला लागला. तो ती घेऊन बाहेर गेला, अंगणात आडवी टाकली आणि ट्रॅक्टर तिच्यावरून नेला. मग आत येऊन झाकण लावलं आणि बापासमोर उभा राहिला.

"नाही आवरत," म्हणाला.