शाळेसमोरचा रस्ता उचलायचा होता

शाळेसमोरचा रस्ता जीव मुठीत धरून ओलांडायचा, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की कुणी मेल्याशिवाय तो विषय निघत नाही. जाफराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावातही तो निघाला, तो नंदाबाई गेल्यावरच. नंदाबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. काम आटोपून घरी निघाल्या असताना कापसाने भरलेल्या टेम्पोने त्यांना फाटकासमोरच उडवलं.

त्या संध्याकाळी भुजंगभाऊंच्या कृषी सेवा केंद्रात माणसं जमली. भाऊ व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. दुकान शाळेच्या अगदी समोर.

"फाटकाजवळ श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावू," ते म्हणाले. "नंदाबाईनं लई वर्षं पोरांना जेवू घातलं. खर्चा माझा."

"फ्लेक्स नको, भाऊ. हरकत मागे घ्या," मुख्याध्यापिका उमा मॅडम म्हणाल्या.

हरकत कशाची, ते सर्वांना माहीत होतं. फाटकासमोर रस्ता पदपथाच्या उंचीइतका उचलायचा, दोन्ही बाजूंना उतार द्यायचा आणि वर पांढरे पट्टे मारायचे, असं काम मंजूर होतं. चालणारा माणूस उंचावरून, ड्रायव्हरच्या नजरेसमोरून गेला असता आणि गाडीला वेग कमी करावाच लागला असता. व्यापारी मंडळाने ते अडवून धरलं होतं.

"मॅडम, माझा खताचा ट्रक बराबर तिथंच लागतो," भाऊ म्हणाले. "पट्ट्यावर ट्रक उभा करू देतेत का? पोती काय मी डोक्यावर आणू?"

जीपचालक मच्छिंद्र हसला. "आन् आमच्या सवाऱ्यांचे मणके ढिले होतील त्याचं काय?"

"मणके ढिले झालेलं माणूस घरी तरी पोचतं, मच्छिंद्र," मॅडम म्हणाल्या.

भाऊंनी हरकतीचा विषय बाजूला सारून फ्लेक्सवाल्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी फाटकाशेजारी, रस्त्याच्या अगदी कडेला, बांबूंवर फ्लेक्स उभा राहिला. नंदाबाईंचा फोटो मध्ये, लहानसा. शोकाकुल भुजंगभाऊंचा त्याहून मोठा. गावाने तो पाहिला आणि विषय मिटला.

तेराव्यानंतर नंदाबाईंची मुलगी शालू पहिल्यांदा शाळेत आली. शाळा सुटल्यावर ती फ्लेक्सच्या मागून रस्त्यावर उतरली आणि मच्छिंद्रच्या जीपखाली सापडली.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा पाय गुडघ्याखाली कापला. बाहेर तिचा बाप कडूबा भिंतीला टेकून बसला होता. भुजंगभाऊ आले, तसा शालूला तिथवर घेऊन आलेला मच्छिंद्र त्यांच्यासमोर उभा राहिला.

"रोजच्याच वेगानं येऊन राह्यल्तो, भाऊ. पोरगी दिसलीच न्हाई. तुमचं तोंड तेवढं दिसलं!"

भुजंगभाऊ कडूबाशेजारी खाली बसले. म्हणाले, "कडूबा, उपचाराचं समदं मी बघतो."

"पोरीचं मी बघीन," कडूबा म्हणाला. "उद्या दुसऱ्याची लेक त्याच रस्त्यानं जाईल. तिचं बघा."

"केस मच्छिंद्रवर होईल, व्हायलाच हवी," शाळेतून सोबत आलेल्या उमा मॅडम म्हणाल्या. "पण तिथं रोजच्या वेगानं जाताच येऊ नये, असा रस्ता आपल्याला करता आला असता. पोरांचा जीव ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडायचा नसतो, भाऊ. गाडी रस्त्यानंच हळू करायची असते."

तेवढ्यात भाऊंचा मोबाईल वाजला. गावातला कार्यकर्ता होता. "भाऊ, पोरं लई चिडलेत. निषेधाचा फ्लेक्स छापू का? तुमचा फोटो आहेच माझ्याकडं."

"एक बी न्हाई!" भुजंगभाऊ इतक्या जोरात ओरडले की नर्स बाहेर आली. "लावलाय तो आत्ताच्या आत्ता उतरव! आन् मंडळाला सांग, हरकत गेली!"

मंडळ सहज ऐकणार नव्हतं. "गाडी उभी करता येईना तर गिऱ्हाईक थांबणार न्हाई," बैठकीत हॉटेलवाला म्हणाला. "कालपर्यंत तुम्हीच नको म्हणत होता की!"

"म्हणत होतो. त्यापायी पोरीचा पाय गेला, माझा न्हाई," भुजंगभाऊ म्हणाले. "माझा ट्रक मागच्या गल्लीत लागेल. पोती लांबून वाहू."

दिवाळीच्या आधी रस्ता उचलला गेला. उद्घाटन करायचं धाडस कुणाला झालं नाही.

सुट्टीनंतर शालू कुबड्यांवर शाळेत आली. पट्ट्यावरून जायला तिला वेळ लागत होता. दोन्हीकडे गाड्या थांबल्या. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग तोही बंद झाला. दुकानाच्या पायरीवर भुजंगभाऊ उभे होते. शालूने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी केलेलं काम इतरांच्या लेकींसाठी वेळेवर झालं होतं, तिच्यासाठी उशिरा.

वाचकहो, तुमच्याही गावात असा एखादा रस्ता असेल आणि तो अडवणारी एखादी हरकत असेल. ती कदाचित तुमचीच असेल. गेलेल्या माणसासाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतो. चालणाऱ्या माणसासाठी त्याहून कमी वेळ थांबावं लागतं. आधी ते शिकू या!