मजुरोच्या मेलिताताई

“कॉफी नको?” यादवरावांनी पुढे केलेला कप तसाच हातात धरला. पाहुण्या बाईंनी मान हलवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांची बोटं तीनदा उघडून मिटली.

नंदा ओट्यापाशी उभी होती. तिला हसू आलं. “अहो, ठेवा तो कप. थायरॉईडची गोळी घेतली असणार त्यांनी. मलाही अर्धा तास थांबावं लागतंच की.” तिने फ्रिजवरची आपली गोळ्यांची बाटली आणून टेबलावर ठेवली. बाईंनी पर्समधून आपली काढली. औषध एकच निघालं. दोघी एकमेकींकडे बघून लहान मुलींसारख्या हसल्या.

“किती वर्षं झाली?” नंदाने आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. “मला सहा.”

“मला पन्नास,” बाई म्हणाल्या. “अठरा वर्षांची होते.” त्यांनी हनुवटी वर केली. गळ्यावर या कानाखालून त्या कानाखालपर्यंत ऑपरेशनचा एक जुना, पांढुरका व्रण होता.

यादवरावांच्या सिंगापूरमधल्या, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये बाई आदल्या संध्याकाळीच आल्या होत्या. नाव मेलिता, वय अडुसष्ट. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरून तीन विमानं बदलून त्या इथे पोचल्या होत्या. त्यांचा मुलगा जोएल मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाज धक्क्याला लावताना जाड दोर तुटून त्याच्या पायावर बसला होता, आणि पाय वाचेल की नाही हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

यादवराव जहाजांच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका कचेरीत कारकून होते. बाईंना विमानतळावरून आणून हॉटेलात सोडायचं, एवढंच त्यांचं काम होतं. पण नंदाने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, “मुलगा तिकडे आयसीयूत, आणि ही बाई परक्या गावात एकटी हॉटेलात बसणार? घरी आणा. अनिमेषची खोली रिकामीच आहे.” अनिमेष, त्यांचा एकुलता एक मुलगा, नोकरीसाठी मेलबर्नला गेल्याला तीन वर्षं झाली होती.

मेलिताताईंचं गाव मजुरो, हे कळल्यावर यादवराव जरा चमकले होते. बावीस वर्षं ते हा शब्द टाईप करत आले होते. ‘नोंदणीचं बंदर : मजुरो.’ कित्येक परदेशी मालकांची जहाजं तिथे नोंदलेली असतात, त्यांच्या पाठीवर ते नाव रंगवलेलं असतं. पण मजुरोला माणसं राहतात, त्यांना सकाळी कॉफी लागते, असा विचार त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. ते कुणाला बोलले नाहीत, पण त्यांना थोडी लाज वाटली.

पुढचे दहा दिवस नंदा रोज मेलिताताईंबरोबर हॉस्पिटलात गेली. बसचा नंबर कुठला, लिफ्ट कुठली, नर्सला कधी गाठायचं, सगळं तिने दोन दिवसांत शिकून घेतलं. जोएलला ती वरणभात नेई. तो ‘थँक यू, मॅम’ म्हणून भात संपवी आणि वरण तसंच ठेवी. नंदाने मग इमारतीखालच्या खाण्याच्या टपरीवरून तयार मासा घ्यायला सुरुवात केली.

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मेलिताताई तिला थोडं थोडं सांगत गेल्या. रात्री नंदा ते सगळं यादवरावांना सांगे.

“अहो, त्या आठ वर्षांच्या होत्या. राँगेलाप नावाच्या बेटावर राहायचे. एका सकाळी पश्चिमेला सूर्य उगवला म्हणतात. अमेरिकेने बॉम्ब फोडून बघितला होता, शेजारच्या बेटावर. मग आभाळातून पांढरी भुकटी पडायला लागली. पोरं त्यात खेळली हो. अंगाला फासली. रात्री सगळ्यांच्या अंगाची आग. पुढे केस गळाले. ते गळ्याचं दुखणंही त्यातलंच.”

“कुणी सांगितलं नाही त्यांना?”

“कोण सांगणार? दोन दिवसांनी येऊन उचलून नेलं. तीन वर्षांनी म्हणाले, आता या परत, सगळं ठीक आहे. ठीक कुठलं! तिथलंच पाणी, तिथलेच मासे. शेवटी गावच सोडलं सगळ्यांनी.” नंदाने पलंगावरची चादर उचलली. “त्यांची चार बाळं गेली. एकही रडलं नाही, म्हणाल्या. मग कितीतरी वर्षांनी हा जोएल.”

यादवरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती चादरीच्या घड्या करत होती.

त्यांच्या घरातही एक बाळ न रडता गेलं होतं. अनिमेषच्या दोन वर्षं आधी. नंदा बाळंतपणाला माहेरी, कराडला गेली होती. सातव्या महिन्यातच सगळं झालं. यादवराव मुंबईहून पोचले तेव्हा तिसरा दिवस होता, आणि घरात भांडी घासल्याचे आवाज येत होते. ‘मुलगी होती. आता विषय काढू नका, तिला त्रास होईल,’ असं सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी काढला नाही. नंदानेही काढला नाही. अशी तीस वर्षं गेली होती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी सर्जननी जोएलचा पाय वाचल्याचं सांगितलं. तो थोडा लंगडेल, पण चालेल. मेलिताताईंनी सर्जनचे दोन्ही हात हातात घेतले. मग नर्सचे, फरशी पुसणाऱ्या बाईचे, आणि शेवटी यादवरावांचे. “कोम्मोल, कोम्मोल,” त्या म्हणत होत्या. त्यांच्या भाषेत ‘आभारी आहे’.

घरी परतताना त्यांनी विचारलं, “इथे समुद्राशी कुठे जाता येतं? शनिवारी एक मार्च. त्याच दिवशी तो बॉम्ब फोडला होता. साठ वर्षं होतील. आमच्याकडे सगळे जमतात.”

शनिवारी पहाटे तिघे टॅक्सीने ईस्ट कोस्टला गेले. पावणेसात वाजत आले होते, आणि अजून पुरतं उजाडलं नव्हतं. दूरवर नांगरलेल्या जहाजांचे दिवे ओळीने लागलेले होते. जॉगिंग करणारे एक-दोघे मागून निघून गेले.

“यातली आमच्या नावाची किती?” मेलिताताईंनी विचारलं.

“बरीच असतील,” यादवराव म्हणाले. मग थांबून म्हणाले, “मला माफ करा. मी इतकी वर्षं नुसतं नाव लिहीत होतो.”

मेलिताताईंनी त्यांच्या दंडावर थोपटलं. “मला आणायला तुम्ही आलात. घरी नेलंत. लिहिणारा माणूस असा निघाला, हे मी गावात सांगेन.”

त्यांनी चपला काढल्या आणि पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या. मग नावं घ्यायला लागल्या. आई, वडील, दोन भाऊ, मैत्रिणी. एकेक नाव घेऊन त्या क्षणभर थांबत. शेवटी चार नावं अगदी हळू आली. नंदाने विचारलं, “ही बाळांची?”

“हो. प्रत्येकाला नाव ठेवलं मी. लोक म्हणाले, जगलंच नाही त्याला नाव कशाला? मी म्हटलं, आलं तर होतं ना.”

नंदा साडी किंचित उचलून पाण्यात उतरली. मेलिताताईंच्या शेजारी उभी राहिली. हात जोडून तिने सगळ्यांसाठी बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं. यादवरावांना वाटलं, संपलं. तेवढ्यात समुद्राकडे तोंड करून ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “जाई.”

यादवराव जागच्या जागी उभे राहिले. मुलीचं काही नाव होतं, हे त्यांना आज कळत होतं. तीस वर्षं ते नाव या बाईच्या पोटात होतं, आणि ते रोज तिच्या समोर बसून जेवत होते.

मेलिताताईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. नंदाचा हात धरून फक्त एकदा ते नाव उच्चारून बघितलं. “जाई?”

“जाई,” नंदा म्हणाली. “माझी मुलगी.”

यादवरावांनी बूट काढले नाहीत. तसेच पाण्यात गेले आणि नंदाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. “छान नाव ठेवलंस,” एवढंच त्यांना बोलता आलं. नंदा रडली, पण फार नाही. मग तिनेच त्यांच्या बुटांकडे बघून म्हटलं, “अहो, हे काय केलंत!”

एप्रिलमध्ये मायलेक आपल्या देशी परतले. विमानतळावर यादवरावांनी मेलिताताईंना वाकून नमस्कार केला. कशाबद्दल, ते इंग्रजीत सांगता येईना. त्या म्हणाल्या, “कळलं.”

पुढच्या वर्षी एक मार्चला रविवार होता. सकाळी साडेसहाला फोन वाजला. पलीकडे जोएल होता, मजुरोहून. “आई सांगते, फोन ठेवू नका,” तो म्हणाला, आणि त्याने फोन उंच धरला असावा. वारा ऐकू आला, माणसांची कुजबुज ऐकू आली. मग मेलिताताईंचा आवाज, एकेक नाव घेणारा.

यादवरावांनी स्पीकर लावून नंदाला हाक मारली. ती कणकेच्या हातांनीच बाहेर आली. चार नावांनंतर पाचवं आलं. “जाई.” अगदी नीट उच्चारलेलं.

नंदा हळूच “हो” म्हणाली.

तिकडे दुसऱ्या कुणीतरी वाचायला सुरुवात केली होती. अनोळखी नावं येत होती, खूप होती. दोघंही बसली नाहीत. यादी संपेपर्यंत फोनपाशी उभी राहिली.