थेंबबाबाची राख

विहीणबाईंनी माझ्या नातवाची इंजेक्शनं बंद केली आणि मला कळवलंसुद्धा नाही. हा आगाऊपणा मी विसरणार नाही.

पोराचं रक्त जन्मापासून नीट गोठत नाही. त्यावर विहीणबाईंना थेंबबाबा सापडला. सभागृह गच्च भरलेलं. बाबाने पोराचं बोट टोचलं, लाल थेंब सगळ्यांना दाखवला, राख चोळली. रक्त थांबलं. “आईकडून आलेला शाप गेला, माते!” लोकांनी हात जोडले. विहीणबाईंनी माझ्या लेकीकडे बघत डोळे पुसले.

शाप गेला म्हणे, आणि आठवड्यात पोराचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. आत रक्त साचलं होतं. मी त्याला उचलून दवाखाना गाठला.

तिथल्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. “आजी, रक्त गोठवणाऱ्या जनुकाचा एक तुकडा उलटा जोडला गेलाय.”

“म्हणजे बाही उलटी शिवली?”

“तसंच. तपासणीच्या फोटोतल्या या पट्ट्या बघा. निरोगी माणसाची इथे येते, पोराची तिथे. तुमच्या लेकीची आणि तुमची मात्र दोन्हीकडे येते. तुम्हा दोघींना एक उलटी असली तरी दुसरी चांगली बाही आहे; मुलग्याला हे जनुक एकच मिळतं, आणि त्याचं तेच उलटं.”

“आणि राखेने?”

“इंजेक्शनांच्या वेळचं, राखेआधीचं त्याचं रक्त आमच्याकडे जपलेलं होतं. पट्टी तसूभर हललेली नाही.”

“मग बोट कसं थांबलं?”

“सुईचं भोक रक्तातले वेगळेच कण बुजवतात. ते त्याचे धडधाकट आहेत. राख नसती तरी थांबलं असतं. खोल आतलं मात्र इंजेक्शनाशिवाय थांबत नाही.”

मला एवढंच हवं होतं.

पुढच्या सभेला मी आणि डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत बसलो. बाबाने याच आजाराच्या दुसऱ्या पोराला टोचलं. राखेचा हात पुढे आला तसं मी त्याचं मनगट धरलं.

“सोड, म्हातारे. कोप होईल.”

“होऊ दे. आज बिनराखेचा चमत्कार बघू.”

डॉक्टरीणबाईंनी नुसता कापूस दाबला. बाबाला घाम सुटला. कापूस काढला, रक्त थांबलेलं.

“बघितलंत?” मी लोकांना म्हटलं. “राखेशिवायही थांबतं का, एवढं कुणीतरी आधी विचारायचं होतं.”

मग मागे वळले. मागच्या रांगेत बसलेल्या विहीणबाई पदर चाचपत होत्या.

“उलटा तुकडा माझ्यातही आहे, विहीणबाई. मला त्याची लाज नाही. गुडघा मात्र तुम्ही सुजवलात. आता दर इंजेक्शनला पोराचा हात तुम्ही धरायचा, आणि सुई आत जाईपर्यंत डोळे मिटायचे नाहीत.”