छापायच्या पानाचं कुलूप

नितेशनं खुशीचं नाव घेतलं आणि माझ्या हातातला चहा ओढणीवर सांडला.

"शेंदूरजनाघाटची ते खुशी," तो शेजारच्या बाईला सांगत होता, "पोरगी सोन्यासारखी आहे. पन सिकलसेलच्या रिपोर्टाचं पाहून घेजा बरं. मंग म्हनसान, नितेशभाऊनं सांगतलं नाई."

नितेश लग्नं जुळवणारा मध्यस्थ. लोकांच्या घरातलं झाकलेलं शोधून काढायचं, यावरच त्याचं दुकान चालतं. पण खुशीचा रिपोर्ट आमच्या वेबसाइटवर होता आणि तो परक्याला दिसू नये अशी सोय मी स्वतः केली होती. समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची ही साइट मी, दामिनीनं, अमरावतीत बसून फुकटात करून दिलेली. नियम साधा: दोन्ही घरांनी होकाराचं बटण दाबलं तरच एकमेकांचे रिपोर्ट उघडतील. मग अकोल्यात, जुन्या शहरातल्या या मंगल कार्यालयात, खांबाला टेकून लॅपटॉप मांडीवर घेतलेल्या या माणसाला तो कळला कसा?

खरं तर कुलूप सगळ्याच साइटला हवं होतं. कुलूप म्हणजे साइटच्या पत्त्याशेजारी दिसतं ते; ते असलं की फोन आणि साइट यांच्यामध्ये जे जातं-येतं, ते मधल्या कुणाला वाचता येत नाही. पण आमचे अध्यक्ष किसनराव यांच्या जुन्या फोनवर नेमकं कुलपाचं पान उघडलं की धोक्याची पाटी यायची. "म्हातारेकोतारे भेतेत," त्यांनी सभेत सांगून टाकलं. "जिथं लागते तिथंच लाव." मग मी पानं निवडली. लॉगिनचं, रिपोर्ट भरायचं आणि रिपोर्ट पाहायचं. तेवढ्यांना कुलूप, बाकी सगळं उघडं.

त्या कुलपाच्या भरवशावर मी माझ्या धाकट्या बहिणीला, रूपालीला, खरं लिहायला लावलं होतं. ती सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, वाहक आहे. आजारी नाही. जोडीदार वाहक नसला तर मुलांना तो आजार होत नाही. पण हे शेवटपर्यंत ऐकून घ्यायला आपल्याकडे कोण थांबतं? 'रोगी पोरगी' म्हणतात आणि मोकळे होतात. अकोल्याच्या अंकुरशी तिचं जवळजवळ जमत आलं होतं, होकाराचं बटण तेवढं दाबायचं होतं, आणि स्वतःचा रिपोर्ट चांगला असल्याचं त्यानं सांगितलं होतं. आज मेळावा आटोपला की त्याला बाजूला नेऊन ती स्वतःच्या तोंडानं सांगणार होती. किती तरी दिवस ती त्यासाठी वाक्यं जुळवत होती.

"तुह्यं कुलूप पक्कं आहे ना वं ताई?" तिनं विचारलं होतं.

"पक्कं," मी म्हणाले होते.

मी कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि लॅपटॉप उघडला. साइटवर मी न केलेलं एक पान होतं, छापायचं पान. हे आमच्याच लोकांचं डोकं! स्टेजवर मुलीनं परिचय दिला की यांना तिचा कागद हातात लागतो. घडी करून खिशात घालायला, मामाला दाखवायला, पाठीमागे पेनानं कूळ लिहून ठेवायला. नुसतं फोनवर पाहून कुणाचं समाधान होत नाही. म्हणून किसनरावांनी प्रेसवाल्या ललितकडून ते पान परस्पर करून घेतलं. फुकट राबणाऱ्या पोरीला विचारायची गरजच काय? कागदावर रिपोर्टची ओळ छापली जात नव्हती, पण पानासोबत ती येत होती. आणि पान हॉलच्या वायफायवरून छपाईच्या काउंटरपर्यंत उघडंच जात होतं. नितेश त्याच वायफायवर कान लावून बसला होता.

मी ते पान कुलपात घातलं. लगेच काउंटरवर बोंबाबोंब झाली, कारण पान जागच्या जागी गरगरायला लागलं. माझा नियम त्याला कुलपाच्या वाटेनं पाठवत होता आणि ललितनं आत कुठेतरी लिहिलेली एक ओळ त्याला परत उघड्या वाटेवर आणत होती. गरगरू दे, म्हटलं. निदान छापणं तरी थांबलं. रूपालीचा नंबर यायचा होता. ती स्टेजवरून उतरली की अंकुरची आई सत्यभामाबाई तिचा कागद मागणार. त्याआधी मला ती ओळ सापडायला हवी होती, नाहीतर किसनराव पान तसंच उघडं चालू करायला लावणार. देवा, सापडू दे, एवढंच मनात चाललं होतं.

किसनराव घाम पुसत आले. "कागद काहून निघून नाई राहिले? लोकं मले खाऊन राहिले!"

"काका, ज्या पोरीचा कागद निघते तिचा रिपोर्ट तो नितेश वाचून राहिला."

"ते मंग पाहू. पहिले चालू कर."

"नाई करत."

ते आवाज उतरवून, अगदी मायेनं म्हणाले, "अवं, तुमच्या घरासाठी त जीव तुटते माहा. तुह्या बहिनीचा कागद मीनं सकाळीच, सगळ्याइच्या पहिले काढून देल्ला सत्यभामाबाईले."

मी ज्याच्यासाठी धडपडत होते ते सकाळीच संपलं होतं.

रूपाली माझ्या मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हनजे माहा रिपोर्ट बी आहे त्या नितेशपाशी," ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. तिकडे नितेशनं लॅपटॉप मिटला, उठला आणि हसत हसत सत्यभामाबाईंच्या रांगेकडे निघाला.

रूपाली त्याच्या आधी निघाली. खुर्च्यांकडे नाही, स्टेजकडे. दुसऱ्याच मुलीचं नाव पुकारलं होतं, तरी तिनं माइक घेतला.

"मी रूपाली. मी सिकलसेलची वाहक आहे. आजारी नाई. कोनाले काई विचाराचं असन त मले विचारा. नितेशभाऊले नोका विचारू."

सत्यभामाबाईंनी हातातल्या कागदाची घडी केली, ती खुर्चीवर ठेवली आणि त्या उठल्या. अंकुर रूपालीकडे पाहत उभा होता. आईनं दारातून हाक मारली, तसा तोही गेला. त्याच्या मागे धावून त्याची गचांडी धरावी असं मला वाटलं.

धरली नाही. ललितची ओळ सापडली, ती पुसली. मग पानं निवडत बसायचा नादच सोडला आणि अख्ख्या साइटला कुलूप घातलं. हॉलभर जुन्या फोनांवर पाट्या उगवल्या आणि किसनराव माझ्या नावानं ओरडायला लागले. ओरडू देत, अजून कितीतरी पोरींचे कागद निघायचे होते.

रूपाली परत आली. येताना तिनं खुर्चीवरचा तो कागद उचलून आणला होता.

"लागलं कुलूप?"

"लागलं. सगळ्याच पानाइले."

"बरं झालं." ती शेजारी बसली आणि कागदाची घडी उघडून आपल्याच फोटोकडे पाहत राहिली. "मले लपवाचं नोयतंच वं ताई. फक्त पहिले त्याले सांगाचं होतं. एकट्याले."