हँकरचीफ, एक नग

मी रुमाल बोलतोय. लगेच खिशात हात घालू नका, तो रुमाल वेगळा. मी चांगला लांबरुंद, जाड, लाल कापडाचा आहे आणि माझ्या पोटात कागद बांधलेले आहेत. सरकारी कचेरीत जुने कागद ज्या फडक्यात बांधून फळीवर ठेवायचे, त्यालाही रुमालच म्हणतात. एवढी साधी गोष्ट. पण ती शिकल्यासवरल्या लोकांना माहीत नसल्यामुळे माझी काय परवड झाली, ते ऐका.

भिमाजी वडगावच्या कचेरीत शिपाई होते. राहायला कार्ल्याला, बौद्ध वस्तीत. दिवसभर साहेबांचे रुमाल उचलायचे आणि ठेवायचे, हेच त्यांचं काम. म्हणून वस्तीतल्या मंडळाचं चिटणीसपद अंगावर आलं, तेव्हा त्यांनी बाजारातून कापड आणलं आणि कडा दुमडून मला तयार केलं. मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, विहारातल्या बायकांच्या साक्षरता वर्गाची हजेरी, भाषणांची टिपणं, भिमाजींनी स्वतः रचलेली गाणी, सगळं माझ्यात. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. त्यांच्या बायकोनं, शकुबाईंनी, केर काढताना मला जरा सरकवलं तरी ते करवादायचे.

पुढे मंडळातली पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली. सभेची सूचना मोबाईलवर येऊ लागली आणि माझं काम संपलं. मी माळ्यावर गेलो. तिथली ओल आणि उंदीर यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, बोलायला लागलो तर थांबणार नाही.

भिमाजी गेले. विद्यापीठ अशा कार्यकर्त्यांचे कागद जतन करतं, असं कोणीतरी घरी सांगितलं. शकुबाईंनी मला स्वतः पुसलं आणि मुलाच्या हातात दिलं. मुलानं सोबत यादी लिहिली: फोटो चार, चष्मा एक, रुमाल एक. बिचाऱ्यानं बरोबरच लिहिलं होतं.

विद्यापीठात नोंद करणारे एका खोलीत आणि सामान ठेवणारे दुसऱ्या खोलीत. अनघा मॅडमनी यादी वाचली आणि मला न बघताच संगणकात नोंद केली: 'हँकरचीफ, एक नग'. मग कोणीतरी त्या नंबरची चिठ्ठी मला बांधली आणि मी वाचकांच्या खोलीतल्या वस्तूंच्या कपाटात जाऊन बसलो, चष्म्याशेजारी. आत गारवा होता, उंदीर नव्हते, हे मान्य. पण ज्याच्या पोटात एका वस्तीचं आयुष्य आहे, त्याची नोंद काय, तर नाक पुसायचं फडकं! वर्षानुवर्षं मी तसाच बसून होतो. संताप यायचा, पण कापडानं आदळआपट तरी कशी करायची?

एक दिवस प्रतीक्षा आली. शकुबाईंची नात, लोणावळ्याला एका हॉटेलात रिसेप्शनवर असते. कपाटाच्या काचेतून मला ती दिसत होती. ती मॅडमना सांगत होती की आजीला हल्ली काही आठवत नाही. साक्षरता वर्गात बायका म्हणायच्या ते आजोबांचं गाणं ती दिवसभर गुणगुणते. पहिलं कडवं येतं, दुसरं येतं आणि तिसऱ्याशी ती अडते. मग रडते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. डॉक्टर म्हणाले, जे आठवतंय तेही फार दिवस टिकणार नाही. म्हणून तिला ते गाणं हवं होतं.

मॅडमनी तिथल्याच संगणकात पाहिलं. भिमाजींच्या नावावर फोटो, चष्मा, रुमाल एवढंच निघालं, कागद एकही नव्हता. प्रतीक्षा म्हणाली, असं कसं होईल, आजोबांनी तर सगळं जपून ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या, नोंद नाही म्हणजे आमच्याकडे नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो!

ती गेली आणि पुन्हा आली. या वेळी भांडली नाही. नुसती म्हणाली, "मॅडम, गाणं नाही तर नाही. आजोबांचा रुमाल तरी दाखवता का? हात लावून जाते."

मॅडम कपाटाशी आल्या, चिठ्ठीवरचा नंबर पाहिला आणि मला उचलायला त्यांना दोन हात लागले. टेबलावर ठेवल्यावर आतले कागद दोघींच्याही लक्षात आले. मॅडमचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

गाठ सुटली. गाणं सापडलं. फोटो काढायला परवानगी लागते आणि ती यायला दिवस लागतात, म्हणून प्रतीक्षानं तिथूनच घरी फोन लावला आणि हळू आवाजात आजीला तिसरं कडवं वाचून दाखवलं:

शेणामातीच्या हातानं गिरव आपलं नाव गं,
वडगावच्या कचेरीला कळू दे तुझं गाव गं.

 पलीकडून शकुबाई गाऊ लागल्या, तिसरं कडवं पुरं केलं आणि न थांबता चौथ्याला हात घातला. 'नवऱ्याच्या नावाआदी माजं नाव यील गं', एवढं मला ऐकू आलं. पुढची ओळ रेंजमध्ये अडकली.

प्रतीक्षा कागद उलटासुलटा करून बघत होती. "आजी, हे चौथं कडवं इथं नाहीये गं."

"कसं असंल? ते ह्यांचं न्हवं, माजं हाय. म्या जोडलं हुतं. कागदावर जागा न्हाई म्हनले हे, लिवलंच न्हाई."

तिसऱ्या कडव्याखाली अर्धा कागद कोरा आहे. तो मी इतकी वर्षं पोटाशी धरून बसलो होतो आणि मला वाटत होतं की मी सगळं सांभाळलंय.

प्रतीक्षा रडायला लागली. मॅडमच्या हातात पेन्सिल होती, पण त्यांनी काही लिहिलं नाही. आलेल्या कागदांची नोंद करणं हे त्यांचं काम, फोनवरच्या बाईची नव्हे. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी शांत राहायला सांगितलं. फोन कट झाला. सोमवारी सगळं लिहून आणते, असं सांगून प्रतीक्षा गेली.

तो सोमवार केव्हाच होऊन गेला. घरी पोचेपर्यंत आजीला पुन्हा विसर पडला असेल का, की त्याहून काही वाईट झालं असेल? मला कोण सांगणार?

मॅडमनी मात्र तत्परतेनं चूक दुरुस्त केली. 'हँकरचीफ' गेलं. आता माझी नोंद 'दप्तर' अशी आहे आणि गाण्यापुढे लिहिलंय: 'कवी भिमाजी, कडवी तीन, पूर्ण'. आधीची चूक बरी होती हो! तिच्याकडे बघून कोणीतरी हसलं तरी असतं. या नोंदीवर शंका कोण घेणार?

मॅडम, प्रतीक्षाचा नंबर तुमच्याच खणात आहे, फोटोच्या परवानगीसाठी तिनं भरलेल्या अर्जावर. शकुबाई अजून गात असतील तर चौथं कडवंही गातील. तो 'पूर्ण' खोडा आणि आधी फोन लावा.