एस्टिलभाऊंची प्रार्थना आणि माझं हरीण

चार वर्षं मी धनुष्यबाण घेऊन त्या एका नराच्या मागे होतो. पांढऱ्या शेपटीची हरणं आमच्या केंटकीच्या डोंगरांत पैशाला पासरी आहेत, घेवड्याच्या वाफ्यातून हाकलावी लागतात. पण हा म्हातारा वेगळा. पोट लोंबलेलं, मान बैलासारखी, शिंगांना अकरा टोकं. उजेडात मला तो दोनदाच दिसला आणि दोन्ही वेळा पाठमोरा.

सोमवारी माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर धनुष्य विसरा, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. रविवारी आम्ही शिकार करत नाही. म्हणजे उरला शनिवार, तोही दहापर्यंत, कारण दहाला चर्चमध्ये सभा. बायको, वेस्टा, म्हणाली, चाप ओढला की सुटतं तसलं आडवं धनुष्य घ्या. मी म्हटलं, मग बंदूकच घेतो की. ती म्हणाली, काहीही घ्या, पण घरात धुसफुसू नका.

मचाण कुठं बांधलंय हे आमच्याकडे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. मी ते गुरुवारी हलवलं होतं. वरच्या खोऱ्यात एका ओकखाली फळं पडत होती आणि मातीत त्या म्हाताऱ्याचे रुंद खूर उठले होते. शनिवारी उजाडायच्या आत मी वर चढलो, पट्ट्यानं स्वतःला खोडाला बांधलं. वारा तोंडावर येत होता, म्हणजे माझा वास हरणाकडे जाणार नव्हता. सगळं जमून आलं होतं.

दिवस वर आला आणि पाचोळा वाजला. पाहतो तर सभेचा काळा कोट घालून एस्टिलभाऊ.

एस्टिलभाऊ म्हणजे वेस्टाचे थोरले बंधू, आमचे प्रवचनकार. आमच्यात प्रवचनाला पगार नाही, कागद नाही, तयारी नाही. उभं राहायचं आणि देव देईल ते द्यायचं. सुरुवातीला साधं बोलणं असतं, मग आवाज चढतो, ओळीच्या शेवटी श्वास हुंकारासारखा तुटतो आणि बघता बघता प्रवचनाचं गाणं होतं. चाळीस वर्षं ऐकतोय, अजून रुमाल लागतो. सभेआधी ते एकांतात प्रार्थना करतात हे ठाऊक होतं. कुठं, ते त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. एकांतातली प्रार्थना देवाची आणि आपली, असं आमच्यात मानतात.

ते माझ्याच झाडाखाली गुडघे टेकून बसले. डोळे मिटले आणि सूर लावला.

झालं, म्हटलं. चार वर्षं गेली पाण्यात. हाक मारावी तर प्रार्थना चालू. मी मुकाट्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

आणि तेवढ्यात तो आला. वीस पावलांवर, कूस माझ्याकडे, उतारावरून सावकाश. त्या आवाजानं त्याचा कानही टवकारला नाही. मान घालून फळं खाऊ लागला, जणू रोजचाच श्रोता. मला इतका संताप आला की दोरी कधी ओढली ते कळलंच नाही.

पण सोडू कशी? माणूस देवाशी बोलत असताना आम्ही खोकलासुद्धा दाबतो. भाऊंच्या प्रार्थनेचा क्रम मला पाठ आहे: आधी आजारी, मग विधवा, मग कामासाठी ओहायोला गेलेली पोरं, मग आमेन. ओहायो आलंच होतं. थांबू, म्हटलं, मिनिटभर.

भाऊंनी ओहायोतलं एकेक पोर नावानिशी घेतलं. नंतर मिशिगन काढलं. मिशिगन कधीच नसायचं. माझा खांदा जळत होता, दात आपोआप आवळले गेले होते. हरीण तिथंच. मग सूर आणखी चढला.

“आणि आमचे ऑर्बिनदाजी, प्रभू. आज बसले असतील कुठंतरी रानात. माणूस तापट, तुला ठाऊकच आहे. पण एवढं त्यांना दे. ते हरीण त्यांना दे.”

खांदा सुटला. दोरी हातासकट पुढे गेली, बाण मचाणाच्या कडेवर आपटून खणखणला. पांढरी शेपटी एकदा वर झाली आणि झाडीत विझली.

“आमेन,” भाऊ म्हणाले आणि डोळे उघडून वर पाहिलं. “दाजी? तुम्ही आहात होय?”

हरीण कसं, कुठं, किती वेळ उभं होतं, ते मी त्यांना एकेक करून ऐकवलं.

“मग मारायचं ना. मी कुठं बघत होतो?”

“प्रार्थना चालू होती, भाऊ.”

“माझी चालू होती. तुमचे हात बांधले होते का?”

मी म्हटलं, मिशिगनची काय गरज होती, ते तेवढं सांगा. तर म्हणे देवानं सुचवलं. यावर वाद घालता येत नाही, हेच तर त्यांच्याशी भांडण्यात वाईट.

उजवा हात वर उचलेना. खाली उतरायची पंचाईत. शेवटी भाऊच काळ्या कोटासकट अर्धी शिडी चढून आले, माझा एकेक पाय धरून पायरीवर ठेवू लागले. पावणेदहा झाले होते. प्रत्येक पायरीला ते “सावकाश, दाजी” म्हणत होते, आणि तेही सुरात. मी चिडून गप्प बसायचं ठरवलं होतं, पण चौथ्या पायरीला, सभेत भरतो तसा, मीच त्यांच्या मागून हुंकार भरला.