बाहुलीच्या पलीकडचे झाड

मित्रांनो, मी डोळ्यांच्या दवाखान्यातला एक जुना कॅमेरा. लग्नाचे, सहलीचे फोटो माझ्या नशिबी नाहीत. मी बाहुलीतून आत डोकावतो आणि डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढतो. अंगाला ओरखडाही न काढता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या अशा उघड्या दिसतात, त्या तिथेच. केशरी पडद्यावर पसरलेल्या त्या लाल फांद्या बघून मी दर वेळी थक्क होतो.

एकदा एक लहानगी आली. तिचा डावा डोळा तिरळा होऊ लागला होता. मला पाहताच ती वडिलांना बिलगली.

"मी नाही बसणार! हा डोळे खातो."

"खातो कसला? बघ, आधी मी बसतो." बाबांनी माझ्यापुढे हनुवटी टेकवली.

डॉक्टरबाईंनी पोरीचे मन राखायला बटण दाबले. लख्ख उजेड पडला. शेजारच्या संगणकावर फोटो उमटला आणि बाईंचे हसू मावळले. बाबांच्या डोळ्यातल्या फांद्या कडेपर्यंत पोचल्याच नव्हत्या. पुढे सगळे ओसाड.

"तुम्हाला कधी त्रास झाला?"

"छे! माझी नजर घारीसारखी आहे."

मग लेक बसली. हाताच्या शिरेतून टोचलेले पिवळे औषध डोळ्यात पोचले आणि काळोखात फांद्या चांदण्यासारख्या उजळल्या. पण त्याही अर्ध्यावर थांबलेल्या, टोकांशी वेड्यावाकड्या फुटून पाझरणाऱ्या. डावा पडदा तर जागेवरून ओढला गेला होता.

ती मात्र डोळे विस्फारून म्हणाली, "बाबा, एवढं मोठं झाड माझ्या आत?"

बाबांनी तिला जवळ ओढले.

"हा दोष जन्मापासूनचा, घराण्यातून आलेला," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्यात सौम्य राहिला. घरी आणखी कोणी लहान आहे?"

"धाकटा. पाळण्यात आहे. पण तो तर छान हसतो-खेळतो!"

"त्याला लगेच घेऊन या."

बाळाला कुठली हनुवटी टेकवता येणार? त्याला भूल दिली आणि हातात धरायच्या माझ्या धाकट्या भावाने त्याचे फोटो काढले. दोन्ही डोळ्यांत तेच ओसाड रान! पण पडदा अजून जागेवर होता. लेझरने दोघा भावंडांच्या डोळ्यांतल्या त्या रिकाम्या जागा शेकल्या. ताईचा उजवा डोळा वाचला, डाव्याची नजर अधू राहिली. बाळाचे दोन्ही वाचले.

आता नवी यंत्रे आली. मी कोपऱ्यात, कापडाखाली असतो. त्याचे दुःख नाही. एवढेच सांगतो, मित्रांनो, बिघडलेला डोळा दर वेळी दुखत नाही, रडतही नाही. कुणाची नजर तिरळी वाटली, साध्या फोटोत बाहुली पांढरी चमकली, तर 'होईल बरे' म्हणून थांबू नका. घरच्या सगळ्या पोरांना घेऊन या. आत काय आहे, ते आम्हाला बघू द्या.